प्रवाळाची टाकी, बोअरचं पाणी आणि मे महिना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर दोन पानं छापली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत मराठवाड्याची पत्रं बघून लै आनंद झाला. समुद्र इथून कितीतरी लांब, उन्हाळा हा असा, पाण्याची ही परिस्थिती, आणि तरी लोक घरात प्रवाळ म्हणजे कोरल जगवायलेत. बहुतेक पत्रांत विचारलंय की कोणतं औषध टाकू, कोणती बाटली आणू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, प्रवाळाला बाटल्यांपेक्षा न बदलणारं पाणी लागतं. तापमान, खारेपणा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची ताकद) हे आकडे थोडे इकडेतिकडे असले तरी ते जुळवून घेतात, पण हेच आकडे रोज वरखाली व्हायला लागले की ते मिटून बसतात. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच येणार आहे, कारण आलेले बहुतेक प्रश्न फिरून तिथंच येतात.

ताई, माझी 120 लिटरची टाकी आहे. झोआ, मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर ही मऊ कोरल आहेत. फेब्रुवारीपर्यंत सगळं मस्त होतं. आता दुपारी पाणी 31 च्या वर जायलंय, रात्री 27 वर येतंय. झोआ अर्धे बंद आहेत, मशरूमचा रंग उतरायलाय. चिलर परवडत नाही. काय करू? – नांदेड

भाऊ, 31 पेक्षा मला तुमचा तो रोजचा चार अंशांचा झोका जास्त खटकला. प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, त्याला झूझॅन्थेली म्हणतात, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं, रंगही बराचसा त्याचाच असतो. पाणी तापलं आणि वरून उजेड जोरात असला की हे शेवाळ बिघडतं, नको ती रसायनं सोडायला लागतं, मग प्रवाळ त्याला अंगाबाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रातही हेच होतं, नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तरी पुरतं. 1998 ला, 2016 ला लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली, आणि एप्रिल 2024 मध्ये तर जगभरातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा झाली. पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही, मांस शिल्लक असेल आणि पाणी सावरलं तर शेवाळ परत येतं, म्हणून रंग उतरलेलं मशरूम फेकून देऊ नका.

आता थंड कसं करायचं. इथं एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, आपली हवा कोरडी आहे. मुंबईत दमट हवेत पंख्याने टाकी फारशी थंड होत नाही, नांदेडला एप्रिल-मेमध्ये छान होते. टाकीवरचं काचेचं झाकण काढा, जाळी लावा म्हणजे मासे उडी मारणार नाहीत, आणि 12 व्होल्टचे दोन छोटे पंखे पाण्यावर तिरके लावा, वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून घासून गेला पाहिजे. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की ते इतकी उष्णता घेऊन जातं की तुमच्या 120 लिटरचं तापमान त्यातून हिशेबाने साडेचार-पाच अंश उतरावं. खोलीची गरमी परत आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही, पण दोन-तीन अंश आरामात मिळतात. पंख्याला टेम्परेचर कंट्रोलर जोडा, 26.5 ला चालू आणि 26 ला बंद असं ठेवा, म्हणजे तो झोकाच मोडतो.

पण त्यातच दुसरी अडचण आहे आणि उन्हाळ्यात प्रवाळ जातात ते बऱ्याचदा हिच्यापायी. वाफ होतं ते फक्त पाणी, मीठ मागंच राहतं. पंखे लावल्यावर तुमच्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी जाऊ शकतं. तीन दिवस भरलं नाही आणि 12 लिटर कमी झालं तर 35 चा खारेपणा (हजार भागांत 35 भाग क्षार) 39 च्या आसपास जातो, आणि मग आठवण झाली की आपण एकदम बादलीभर गोडं पाणी ओततो. हे वरखाली होणं प्रवाळाला 31 अंशांपेक्षा जड जातं. म्हणून पंखे लावायच्या आधी ऑटो टॉप-ऑफ म्हणजे कमी झालेलं पाणी आपोआप भरणारी सोय लावा, फ्लोट स्विच आणि छोटा पंप एवढंच तर असतं, नाहीतर काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत भरा. भरायचं ते साधं आरओचं गोडं पाणी, मीठ घातलेलं नाही, यात लै जण चुकतात.

खोलीत कूलर असेल तर तो खिडकीत बाहेरच्या बाजूला असू द्या आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे टाकीचंही भलं होतं. बंद खोलीत आतल्या आत कूलर फिरवला की हवा दमट होत जाते आणि मग पंख्याचा उपयोग संपतो. लाइट दुपारी लावू नका, टायमर संध्याकाळी 4 ते रात्री 12 करा, प्रवाळाला दिवस कोणत्या वेळेला आहे याचं काही नसतं, रोज तीच वेळ असली म्हणजे झालं. आणि रंग उतरलेला आहे तोपर्यंत लाइटचा जोर तिसऱ्या हिश्शाने तरी कमी करा. वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारा छोटा पंप) पाण्याची वरची बाजू हलवत राहील असा वळवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. अगदीच 32-33 ला गेलं तर पाण्याने भरून गोठवलेली बंद बाटली संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) तरंगत ठेवा, एका वेळी एकच, तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका. बर्फ थेट पाण्यात नको.

तुमच्या लेदरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बघून ठेवा. टोडस्टूल लेदर अधूनमधून कात टाकतं. आधी सगळी बोंडं आत ओढून घेतं, वरची टोपी गुळगुळीत होते, मग तिच्यावर मेणासारखी चकचकीत पातळ साय येते, तीन-चार दिवस, कधी आठवडाभर सुद्धा ते तसंच मरगळल्यासारखं दिसतं, आणि मग ती साय कडेने सुटायला लागते, प्रवाहात फडफडते, आणि निघून गेल्यावर खालून पुन्हा बोंडं बाहेर येतात. या दिवसांत माणूस घाबरून त्याची जागा बदलतो, डिप देतो म्हणजे औषधी पाण्यात बुडवतो, आणि बरं होणारं कोरल बिघडवतो. त्याच्यावर प्रवाह थोडा वाढवा म्हणजे साय लवकर निघेल, बाकी हात लावू नका. टोपी काळी पडून मऊ व्हायला लागली आणि वास सुटला तरच काळजीचं, मग तो भाग धारदार ब्लेडने कापून काढायचा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, टीडीएस 1400 च्या वर. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी 80 दाखवतं. तेच वापरतोय पण काचेवर आणि दगडावर हिरवं-तपकिरी शेवाळ थांबत नाही. आणि घरचे म्हणतात पाण्याची एवढी टंचाई आणि तुम्ही आरओचं पाणी वाया घालवताय. लाज वाटते खरं. – लातूर

घरचे बरोबर बोलतात आणि तुमचा छंदही चुकीचा नाही, दोन्हीचा मेळ घालता येतो. आधी शेवाळाचं बघू. स्वयंपाकघरातला आरओ आपल्यासाठी बनवलेला असतो, त्यात पाण्याला चव यावी म्हणून एकतर थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा मिनरलची कॅंडल असते. तुमचा 80 म्हणजे त्यातलाच प्रकार. टीडीएस मीटर फक्त एकूण किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही, आणि आपल्याकडच्या बोअरला शेतातलं नायट्रेट असणं काही नवीन नाही. रोज तीन लिटर असं पाणी वाफेच्या बदल्यात भरत गेलात तर पाणी उडून जातं आणि हे सगळं टाकीत साठत राहतं. हेच शेवाळाला मिळतंय. मेकॅनिकला सांगून टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या, मिनरल कॅंडलच्या आधी एक टी-जोड टाकून टाकीसाठी वेगळा नळ काढा, आणि त्या नळाला उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनची बाटली जोडा. बाहेर येणारं पाणी 0 दाखवलं पाहिजे. रेझिन संपत आलं की आकडा चढायला लागतो, 5 च्या वर गेला की बदला. मेंब्रेनच्या आधी सॉफ्टनर किंवा अँटीस्केलंट असेल तर मेंब्रेन जास्त दिवस टिकते, एवढ्या जड पाण्याला ते हवंच.

आता वाया जाणारं पाणी. 120 लिटरच्या आसपासची टाकी असेल तर आठवड्याला 10 टक्के म्हणजे 12 लिटर बदलायचं आणि उन्हाळ्यात भरायचं साधारण 20 लिटर, म्हणजे बत्तीस-तेहतीस लिटर शुद्ध पाणी, आणि त्यामागं बाहेर पडणारं जड पाणी त्याच्या तिप्पट धरा. ते शंभर लिटर एका ड्रममध्ये गोळा करा, फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला सगळं वापरता येतं. 1400 टीडीएसच्या बोअरचं आरओतून टाकलेलं पाणी कुंड्यांना रोज घालू नका, माती खारी होते. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, मग गच्चीवर स्वच्छ प्लास्टिक ताणून पाणी धरा, पत्र्यावरचं नको, ते डीआयमधून काढलं की झकास चालतं आणि काहीच वाया जात नाही. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी मात्र टाकीत घालू नका, टीडीएस कमी दाखवतं म्हणून मोह होतो, पण ते तांब्याच्या कॉइलवरून येतं.

आणि एक मनापासून सांगते. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो तुमचा जिल्हा. ज्यांच्या घरी मार्चपासून टॅंकरच येतो त्यांनी उन्हाळ्यात नवी टाकी उभी करू नये, अजिबात नको. दसऱ्याच्या आसपास सुरू करा, बोअरला पाणी असतं, हवा सोसवणारी असते, टाकीत बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात ते निवांत मिळतात, डिसेंबरात पहिलं कोरल टाका, आणि मे येईपर्यंत ते रुजलेलं असतं. उन्हाळ्यात चालू केलेली टाकी पाणी जास्त खाते आणि प्रवाळ पण जास्त मारते.

तयार सॉल्ट मिक्स लै महाग पडतं. बाजारातलं खडे मीठ 35 ग्रॅम लिटरला घातलं तर खारेपणा तोच येतो की. नाहीतर कोकणात जाणं होतं वर्षातून एकदा, तिथून कॅन भरून आणले तर? – बीड

खारेपणा तोच येईल पण ते समुद्राचं पाणी होणार नाही. समुद्राच्या क्षारांत साधं मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड साधारण 85 टक्के, उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बरंच काही. मिठागरात पाणी आटवताना चुन्याचा भाग आधीच खाली बसतो, मग मीठ धरतं आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं, ते ओतून देतात. म्हणजे खडे मिठात नेमकं प्रवाळाला हवं तेच नसतं. समुद्रात कॅल्शियम 410-420 पीपीएम, मॅग्नेशियम 1300 च्या जवळ आणि अल्कलिनिटी 7 डीकेएच असते, खडे मिठाच्या पाण्यात हे आकडे शोधून सापडायचे नाहीत. वरून पाकिटातलं असेल तर आयोडिन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर.

कोकणातल्या पाण्याचं म्हणाल तर किनाऱ्याजवळ खाडीचं गोडं पाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात तर फारच, शिवाय बोटींचं डिझेल, गावाचं सांडपाणी. स्वच्छ जागा माहीत असलेले किनाऱ्यावरचे लोक वापरतात, पण त्यांना दर आठवड्याला ताजं मिळतं. तुम्ही वर्षातून एकदा आणलेलं पाणी कॅनमध्ये बसून बसून बिघडणार. पैसे वाचवायचे तर टाकी लहान ठेवा आणि मीठ चांगलं घ्या, मोठी बादली दोघा-तिघांनी मिळून घेतली की स्वस्त पडते. मिसळताना पाण्यात मीठ घाला, मिठावर पाणी ओतू नका, पंप लावून काही तास फिरू द्या, आणि खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या तयार द्रावणावर लावून घ्या, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य केलेला मीटर 35 ला चुकू शकतो.

लाइट कधी जाईल भरवसा नाही. मागच्या वादळात सात-आठ तास नव्हती. इन्व्हर्टर आहे पण त्यावर सगळं चालणार नाही. काय जोडू आणि काय सोडू? थंडीत हीटर लागतो का? – परभणी

फक्त वेव्हमेकर जोडा. बाकी सगळं सोडा. टाकीवरचा दिवा दोन दिवस बंद राहिला तरी प्रवाळ मरत नाही, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद राहिला तरी चालतं, पण पाणी थांबलं की ऑक्सिजन संपत जातो, आधी मासे जातात आणि त्यांच्या मरण्याने बाकीचं जातं. वेव्हमेकर 10-15 वॉटचा असतो, दीडशे एएचच्या चांगल्या बॅटरीवर दिवसभराहून जास्त चालतो, तुमच्या पंख्या-ट्यूबला काही फरक पडत नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी लाइट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप घ्यावा, तेवढाही पुरतो. रात्री लाइट गेली तर धोका जास्त, कारण अंधारात शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट वापरतं.

दोन गोष्टी तपासून ठेवा. एक, घरी असताना मुद्दाम मेन स्विच बंद करा आणि टाकीतलं पाणी संपमध्ये उतरून बाहेर सांडतं का बघा, सांडत असेल तर संपमधली पातळी कमी ठेवा. दुसरं, कॅनिस्टर म्हणजे बंद डब्याचा फिल्टर असेल आणि तो काही तास बंद पडला असेल तर लाइट आल्यावर तसाच चालू करू नका, आत बॅक्टेरिया कुजलेले असतात, ते पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात धुवा आणि मग लावा.

हीटर परभणीत हवाच. राज्यातल्या थंड रात्रींत तुमच्याकडचं नाव बऱ्याचदा असतं, डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो. 24 ला लावून ठेवा, आणि उन्हाळ्यात प्लग काढून ठेवा, कारण अडकलेला थर्मोस्टॅट मे महिन्यात लक्षातच येत नाही.

मी बारावीत आहे. एकाने फांद्यांचं टणक कोरल स्वस्तात देतो म्हणून सांगितलंय, समुद्रातून थेट आणलेलं आहे म्हणतो, बिल नाही. घेऊ का? – छत्रपती संभाजीनगर

घेऊ नको. टणक कोरल म्हणजे चुन्याचा सांगाडा बनवणारं, हे सगळेच्या सगळे आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर वाघाच्या रांगेत. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन हे पण त्यातच. समुद्रातून काढलेलं विकत घेणाराही त्यात अडकतो, आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. बाहेरच्या देशातून रीतसर आलेलं असेल तर त्याला सायटिसचा (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना, आयातीचे कागद लागतात, आणि सायटिसच्या यादीतला जिवंत प्राणी घरी असेल तर आता त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. शंका असेल तर वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचार, ते सांगतात.

कायदा बाजूला ठेव, कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान, एवढीच तर आपली मोठी प्रवाळं, थोडी आपल्या मालवणला आणि सिंधुदुर्गापासून आत समुद्रात आंग्रिया बॅंकेवर. गरम पाण्याने ती आधीच दमलेली आहेत. तिथली फांदी तोडून 42 अंशांच्या गावात आणायची म्हटल्यावर मला फार वाईट वाटतं. तुझ्यासारख्या नवख्याने घरी वाढवलेले मऊ कोरल घ्यावेत, झोआ, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया, लेदर. हे कापून वाढतात, एकाचे दहा होतात, कॉलनीतल्या कोणाकडे टाकी असेल तर एक फ्रॅग म्हणजे कापलेला तुकडा फुकटही मिळेल. दगडही समुद्रातला घेऊ नको, भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे मिळतात. मुंबईहून आणायचं झालं तर रात्रीच्या देवगिरीने आण, थर्माकोलच्या डब्यात, उन्हातल्या बसने नको. घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून अर्धा तास टाकीत तरंगू दे, मग पाणी थोडं थोडं मिसळ, आणि पहिले आठ-दहा दिवस ते खाली, कमी उजेडात ठेव.

क्लाउन माशावर पांढरे ठिपके आले होते म्हणून दुकानदाराने दिलेलं निळं औषध टाकलं. मासा बरा झाला पण झोआ उघडत नाहीत, कोळंबी मेली, गोगलगायी पण. – जालना

ताई, कोळंबी आणि गोगलगायी एकदम गेल्या म्हणजे त्या औषधात कॉपर असणार, बाटलीवर वाचा. माशाला चालतं त्या प्रमाणातलं तांबं या बिनकण्याच्या जिवांना विष आहे, प्रवाळालाही. आत्ता लगेच दोन-तीन दिवसांच्या अंतराने थोडं थोडं पाणी बदला, ताजं ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि कॉपर शोषणारं मिडिया टाका, आणि कॉपरची टेस्ट किट आणा. तांबं दगडात आणि रेतीत मुरतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे एकदा शून्य आलं तरी महिनाभर तपासत राहा. झोआ शक्य असेल तर दुसऱ्या स्वच्छ टाकीत हलवा.

पुढच्या वेळी मासा बाहेर काढायचा, औषध त्याच्या वेगळ्या टाकीत. मोठी टाकी अडीच महिने माशांशिवाय ठेवली की पांढऱ्या ठिपक्यांचा तो परजीवी उपाशी मरतो, प्रवाळाला त्याचा काही त्रास नसतो.

माझं नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, टेस्ट किट एकदम क्लीन. तरी कोरल फिके पडायलेत आणि रेतीवर तपकिरी बुळबुळीत तारा आल्यात, त्यात बुडबुडे दिसतात. पाणी बदललं की अजून वाढतं. – धाराशिव

शून्य हाच तुमचा रोग आहे. प्रवाळाला आणि त्याच्यातल्या शेवाळाला नायट्रोजन-फॉस्फरस थोडं लागतंच, पूर्ण उपाशी ठेवलं की रंग जातो आणि बाकीचं शेवाळ हटल्यामुळे डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवाला रान मोकळं मिळतं. बुडबुडे धरलेल्या तपकिरी तारा, रात्री कमी होतात आणि दुपारी परत, बहुतेक तेच आहे. फॉस्फेट काढणारं मिडिया बंद करा, स्किमर दिवसातून काही तास थांबवा, माशांना दोन वेळ नीट खायला घाला, पाणी बदलणं दोन-तीन आठवडे थांबवा. नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या मध्ये येऊ द्या आणि तिथंच धरून ठेवा. तारा रोज बारीक नळीने फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या कापडी पिशवीत) ओढून घ्या आणि पाणी परत टाकीत सोडा. महिना-दीड महिना लागेल, धीर धरा.

आणि मऊ कोरलच्या टाकीत कॅल्शियम-अल्कलिनिटीच्या बाटल्या रोज घालायची गरज नसते, तुम्ही पत्रात लिहिलंय म्हणून सांगते. पाणी बदलण्यातून तेवढं मिळतं. किटवर 8-9 डीकेएच दिसत असेल तर बाटली कपाटात ठेवा.

झोआच्या दगडावर शेवाळ आणि नको असलेले ऐप्टेशिया (डंख मारणारी छोटी समुद्रफुलं) झालेत. दगड बाहेर काढून उकळत्या पाण्याने धुवावा असं एकाने सुचवलं. – हिंगोली

कृपा करून असं करू नका, या एका प्रश्नासाठी पान राखून ठेवायला सांगितलं होतं मी. झोआ आणि पॅलिथोआ यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. दगड उकळला, गरम पाणी ओतलं किंवा सुकवून ब्रशने घासला तर ते वाफेतून, तुषारांतून हवेत जातं आणि अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं, परदेशात अशी कुटुंबं ॲडमिट झालेली आहेत. कोणतं झोआ विषारी आणि कोणतं नाही हे बघून कळत नाही. तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव, खोकला, धाप, ताप, अंग मोडून येणं, डोळे लाल होणं, यातलं काही झालं तर खोली उघडी टाकून बाहेर या आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा, कागदावर लिहून द्या, कारण त्यांच्या रोजच्या कामात हे येत नाही.

दगडाला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालाच, हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम करू नका. झोआ कापायचे तर पाण्याच्या टबात पाण्याखाली कापा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. दगड नकोच असेल तर तो ओलाच असताना पाण्यासकट डब्यात बंद करा, ब्लीच घालून उघड्या गच्चीवर ठेवा आणि लहान मुलं, मांजर तिकडं जाणार नाहीत असं बघा. ऐप्टेशियासाठी दगड काढायची गरजच नाही, पेपरमिंट श्रिंप आणा, नाहीतर सिरिंजने त्याच्या तोंडावर कॅल्क्वासरची (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) घट्ट पेस्ट सोडा, थोडा वेळ पंप बंद ठेवून.

पावसाळ्यात डेंग्यूसाठी नगरपालिकेची धुराची गाडी येते. त्याने टाकीला काही होतं का? – अंबाजोगाई

होतं. त्या धुरात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड कीटकनाशक असतं, डासांचं आणि कोळंबी-खेकड्यांचं नातं जवळचं आहे, त्यामुळे पहिला फटका त्यांना बसतो, मासेही जातात. घरातला डासांचा स्प्रे, कॉइल यांचंही तसंच, टाकीच्या खोलीत लावूच नका, मच्छरदाणी वापरा. एअर पंप बाहेरची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो म्हणून गाडीचा आवाज आला की आधी तो बंद, स्किमरही बंद, खिडक्या बंद, टाकीवर ओला पंचा टाका, वेव्हमेकर चालू राहू द्या. गाडी गेल्यावर तासाभराने खिडक्या उघडा, खोलीचा पंखा लावा, वास पूर्ण गेला की पंचा काढून एअर पंप सुरू करा आणि ताजं कार्बन दोन दिवस टाकीत ठेवून मग फेकून द्या.